राजूरच्या वळणावरचा अडोबो

झड लागली होती. कोळशाच्या ट्रकांनी भर दुपारी दिवे लावले होते आणि रस्त्याच्या कडेनं काळं पाणी वाहत होतं. खाणीच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळणारी उज्ज्वला त्या दिवशी डबा घरीच विसरली. छत्री घेऊन निघाली, तर राजूरच्या वळणावर लिंबाखाली एक निळा फूड ट्रक उभा... खिडकीतून वाफ येत होती. लसणाची, तेजपानाची, आणि कसल्याशा आंबट वासाची.

खिडकीतल्या तरुणाचं नाव पूनमसिंग. पुसदकडच्या तांड्यावरचा. मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात काही वर्षं काढून नुकताच परतलेला. फिलिपिन्सच्या खलाशांसोबत राहून शिकलेलं जेवण तो इथं विकत होता. त्यानं तिला भात आणि अडोबो वाढला. व्हिनेगर अन् सोया सॉसमध्ये शिजवलेली, मिरे घातलेली कोंबडी.

पहिला घास घेऊन ती थांबली.

"तिखट कुठं आहे याच्यात?"

"ते लोक नाही टाकत." तो हसला. "पाहिजे तर मी थोडं रागावून बोलतो."

हसू लपवायला उज्ज्वलानं तोंड फिरवलं — आणि तेव्हा तिला तो दिसला. रस्त्यापलीकडे, पिवळ्या रेनकोटातला एक बुटका माणूस. एकटक तिच्याकडे बघत उभा.

मग ती रोजच जायला लागली. कधी शेवयांसारखा पांसित, कधी चिंचेच्या आंबट रश्शाचं सिनिगांग. तो समुद्राच्या गोष्टी सांगायचा, ती काट्यावरच्या ड्रायव्हरांच्या. तिच्या बशीत तो एक तुकडा जास्त टाकायचा आणि भलतीकडेच बघायचा. तिचं जेवण लांबत चाललं होतं...

आणि तो माणूस जवळ येत चालला होता.

आधी लिंबाखाली आला. मग बाकाच्या टोकाशी. उज्ज्वलाला वाटलं, पूनमसिंगकडे कामाला असेल. पण एवढ्या पावसात त्याच्या रेनकोटावरून पाण्याचा थेंब ओघळत नव्हता. हाडकांसाठी येणारं कुत्रं बाकापाशी येऊन थबकायचं आणि शेपूट घालून मागं फिरायचं. तो मात्र तिच्याकडे बघायचा आणि ओठ पुढे काढायचा, फुंकर घातल्यासारखे. तिच्या अंगावर काटा यायचा. विचारावं तरी कसं?

एका दुपारी ती आली, तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. पूनमसिंगनं खाली बघतच सांगितलं की जहाजावरून पुन्हा बोलावणं आलंय, आठवड्याभरात ट्रक बंद करून निघावं लागेल. तिचा चमचा हातातच राहिला. तिनं मान वर केली. तो माणूस आता ट्रकच्या आत होता. पूनमसिंगच्या अगदी खांद्याशी.

"तुमच्या मागं कोण उभं आहे?" तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

पूनमसिंगनं वळून पाहिलं. मागं भांडी होती, बस्स.

मग तिनं सगळं सांगितलं. पिवळा रेनकोट, डाव्या भुवईतली खाच... आणि ते ओठ. पूनमसिंगनं गॅस बंद केला.

"ओठ कसे करून राह्यला?"

लाजत लाजत तिनं करून दाखवलं. तो मटकन खाली बसला.

"डॅनिलो."

डॅनिलो जहाजावरचा म्हातारा आचारी. पूनमसिंगला हे सगळं जेवण त्यानंच शिकवलेलं. गेल्या वर्षी भर समुद्रात, चुलीपाशी उभ्या उभ्याच तो गेला. त्याचे डोळे पूनमसिंगनं मिटले होते.

"ते लोक बोट नाही दाखवत," पूनमसिंग हळूच म्हणाला. "ओठानं दाखवतात. आता कोणाकडं दाखवून राह्यला?"

उज्ज्वलानं त्याच्या खांद्यामागं पाहिलं. "माझ्याकडं पाह्यते... अन् तुमच्याकडं दाखवते. मग तुमच्याकडं पाह्यते, अन् —"

तिनं हात स्वतःच्या छातीवर ठेवला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पूनमसिंग आपल्या खांद्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"मले काहून दिसत नाही तो?"

डोळे पुसत तो म्हणाला, "मले जायचं नाही, उज्ज्वला. दुपारी तू येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही. पन तू म्हनशील तर जातो."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता.

तेवढ्यात खाणीत रोजचा सुरुंग उडाला. जमीन हादरली, भांडी खणखणली. उज्ज्वलानं पुन्हा पाहिलं, तर त्याच्या खांद्यामागं कुणीच नव्हतं. फक्त ट्रकमधून एक गार झुळूक निघून गेली. खारट, ओली, कोळशाच्या या मुलखात कधीच न आलेली. पूनमसिंगनं डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"समुद्र," तो पुटपुटला. तेवढं त्यालाही कळलं होतं.

उज्ज्वलाच्या हातावरचा काटा अजून गेला नव्हता. तरी तिला भीती वाटत नव्हती. तिनं बशीतला शेवटचा घास संपवला, छत्री उघडली आणि जाता जाता म्हणाली,

"उद्या मायले घेऊन येतो जेवाले. तिले आंबट आवडते."

पूनमसिंगनं घाईघाईनं गॅस पेटवला — आणि वर पातेलं ठेवायचंच विसरला.