बारावी बांगडी

इंदुमती नवलेंचा बेत बिनतोड होता. चार एकर मका चिकात, म्हणजे दुधाळ दाण्यांवर आलेला. आज त्याची कुट्टी होऊन खड्ड्यात दाबली गेली, की बावीस गाईंचा वर्षाचा मुरघास, मुरवलेला चारा, झाला. शिवाय काल त्यांनी भरल्या पिकाची ओटी भरून मक्याच्या ताटांवर हिरव्या बांगड्यांचा डझन चढवला होता. यंत्राचा लाभ यंत्राकडून, शेतातल्या देवीआईचा आशीर्वाद वेगळा. दूध संस्थेच्या अध्यक्षा म्हणून ‘शेती शास्त्रानं करा’ असं भाषण ठोकत असल्यामुळे हे दुसरं खातं त्यांनी गुपचूप उघडलं होतं.

कुट्टीयंत्र बिनचालकाचं. उभा मका कापायचं, तिथंच बारीक करायचं, ट्रॉलीत ओतायचं. यंत्राचा मालक हरिभाऊ बांधावर बसून फक्त पडद्याकडे बघायचा. सकाळपासून ते चौथ्यांदा थांबलं.

“पाती धारदार, पट्टा नवा. वहिनी, तुमच्याच रानात याला काय धाड भरते? उद्यापासून दहा दिवस मी यंत्र घेऊन पठारावर. आज नाही झालं तर मका वाळलाच म्हणून समजा.”

यंत्र पाचव्यांदा थांबलं तेव्हा तंत्रज्ञ रझिया मुलाणी आली, यंत्राची स्मृती उघडून बसली.

“बिघाड नाही, काका. घाबरतंय ते.”

“लोखंड घाबरतंय?”

“गेल्या साली पलीकडच्या तालुक्यात शेवंताबाई असल्याच यंत्रात अडकलेलं ताट आत ढकलायला गेल्या. हिरव्या चुड्यासकट कोपरापासून हात गेला. अशा तीनशे यंत्रांची स्मृती सामायिक असते. एकाला अद्दल घडली की सगळी शहाणी होतात. तेव्हापासून मक्यात हिरवा चुडा दिसला की यंत्र हात समजून थांबतं. पण इथं चुडा कुठला?”

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला. “बारा बांगड्या आहेत. मीच घातल्यात.”

हरिभाऊ खो खो हसला. “अध्यक्षीणबाई! तुम्ही शास्त्राच्या का देवीच्या?”

“दोन्हींच्या. हसून झालं असेल तर काढायला चला.”

उन्हं कलेपर्यंत तिघांनी सऱ्या धुंडाळल्या. अकरा सापडल्या. साडेतीन एकर कापून झालं आणि उरलेल्या अर्ध्या एकराच्या तोंडाशी यंत्र पुन्हा थबकलं. आता अंधारात बारावी शोधणं शक्य नव्हतं.

“रझिया, त्याला तेवढा चुडा विसरायला लाव,” हरिभाऊ म्हणाला. “एका बटणाचं तर काम.”

“एक विसरलं की तीनशे विसरतील.”

हरिभाऊनं इंदुमतीबाईंकडे पाहिलं. रान त्यांचं, गाई त्यांच्या. त्यांनी हातातल्या अकरा बांगड्या पुन्हा मोजल्या.

“राहू दे उभा,” त्या म्हणाल्या.

आठवड्यानं वाळलेला अर्धा एकर विळ्यानं कापला. इंदुमतीबाईंनी ताट न् ताट झाडलं. बांगडी निघाली नाही. मग कासाराकडे विचारलं, तर तो ओशाळला. डझनात एक फुटकी निघाली होती, ती त्यानं काढून ठेवली आणि बदली द्यायची राहून गेली. इंदुमतीबाईंनी न मोजताच चढवल्या, म्हणजे शेतात अकराच गेल्या होत्या.

म्हणजे अध्यक्षीणबाईंची अब्रू गेली, हरिभाऊचा दिवस गेला, गाईंच्या वाट्याचा अर्धा एकर गेला. शेवंताबाईंनी तर सगळ्यांच्या आधीच, सगळ्यांच्या वतीनं मोल चुकतं केलं होतं.

पण त्या अर्ध्या एकराच्या तोंडाशी, जिथं बांगडीच नव्हती, तिथं यंत्राला कोणाचा हात दिसला?