स्वामींची वाट अडली

हे ऐकीव नाही. मी तिथे होते.

१९५६ साल. पौषातली अवस. गाव कुरुळी.

मी, कौशल्या, लग्न होऊन सासरी गेलेली, तेव्हा चार दिवस माहेरी आले होते. घरात आई आणि मी... दोघीच.

आईचं नाव गोजाबाई. माझा बाप आम्हाला टाकून संन्यासी झाला होता. एका पहाटे उठला आणि गेला. आईला विचारलं नाही, सांगितलंही नाही. पुढे तळेगाव दाभाड्याजवळच्या एका मठात तो मोठा स्वामी झाला. लोक त्याच्या पाया पडत. आई इथे दुसऱ्यांच्या शेतात खुरपत होती.

माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी माझा धाकटा भाऊ भैरू तापाने फणफणला, तेव्हा त्याने बापाला बघायचा हट्ट धरला. आई त्याला खांद्यावर टाकून मठात गेली. शिष्याने आत निरोप दिला. आतून उत्तर आलं...

"स्वामींना बायको न्हाई. पोर न्हाई."

परत येताना वाटेतच भैरू गेला.

तेव्हापासून आईचा राग कधी उतरलाच नाही. माझाही नाही.

तर त्या अवसेची दिवेलागण. आई भाकऱ्या थापत होती. मी कंदील लावत होते.

अंगणात खडावा वाजल्या.

खट... खट...

आमचं कुत्रं परक्या माणसाला दाराशी येऊ देत नसे. ते गप्प. दावणीची शेळीही गप्प.

"गोजे..."

आईला या नावाने एकच माणूस हाक मारायचा.

तो दारात उभा होता. भगवी छाटी, पांढरी दाढी. मी कंदील उचलला. उजेड उंबऱ्यावर पडला, चौकटीवर पडला...

त्याच्या अंगावर पडला नाही.

"मला मोकळं कर," तो म्हणाला. "वाट अडलीय."

"न्हाई," आई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिने उलटली.

मी पुन्हा पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. अंगणातल्या धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं.

सकाळी मठातले सोपानराव बैलगाडी घेऊन आले. स्वामींनी आदल्या दुपारी देह ठेवला होता.

दुपारी... आणि आमच्या दारात तो दिवेलागणीला आला होता.

"महाराज अमर झाले, बाई," सोपानराव म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण डोळे मिटत न्हाईत. मिटले की उघडत्यात. शेवटाला तुमचंच नाव घेत व्हते. तुमी चला."

"म्हंजी गेले न्हाईत अजून," आई म्हणाली आणि गाडीत बसली.

मठात ही गर्दी. टाळ, बुक्का, फुलं. जो तो सांगत होता, महाराजांना मरण नाही, ते चिरंतन जीवनात गेले.

समाधीच्या खड्ड्यात त्याला आसनावर बसवलं होतं. डोळे सताड उघडे.

आई काठाशी आली...

ते डोळे तिच्याकडे वळले.

टाळ थांबले. सोपानरावांनी हात जोडले. "बाई, क्षमा केली म्हना. त्यास्नी म्होरं जाऊ द्या."

"मी कोन क्षमा करनारी? त्यास्नी बायको न्हाई." आईचा आवाज चढला नाही. ती वाकली आणि त्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पोराला इचारा. त्यो सोडत आसंल तर जावा."

शेवटी समाधीत भरतात ते मीठ उघड्या डोळ्यांवरच ओतलं. वर माती लोटली.

आम्ही घरी आलो. पुन्हा दिवेलागण झाली.

अंगणातून बापाचा आवाज आला. या खेपेला तो आईला बोलवत नव्हता.

"भैरू... बाळा..."

गयावया करत होता. बराच वेळ.

मग सगळं शांत झालं...

आणि भैरूचा आवाज आला. तापात घोगरा झाला होता, तसाच.

"न्हाई."

आईने तोंडात पदर कोंबला आणि ती रडत राहिली.

आता त्या समाधीवर उत्सव होतो. मला बोलावणं येतं. मी जात नाही. बाप कुठे अडकलाय, मला ठाऊक नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने.

भैरू आमच्या अंगणातून बोलला होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तिथूनच येत-जात होतो...

आणि तोही कुठे गेलेला नव्हता.