खाल्लं की टाकलं?

"आई, दाबा ना!" सून सासूबाईंसमोर फोन धरून दबक्या आवाजात म्हणाली, आणि सासूबाईंनी हातातल्या भाताच्या वाटीकडे पाहिलं...

फोनच्या पडद्यावर दोनच बटणं होती : 'खाल्लं' आणि 'टाकलं'. समोरच्या लॅपटॉपमध्ये, व्हिडिओ कॉलवर, सुनेचे साहेब गंभीर चेहरे करून बसले होते. अन्न वाया जाऊ नये म्हणून सुनेनं जिवाचं रान करून बनवलेलं हे ॲप वयस्कर माणसांना जमतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. जमलं तर ते बाजारात जाणार. नाही तर सुनेचा विभागच बंद! आणि मुलाचं दुकान बसल्यापासून घर उभं होतं ते तिच्याच पगारावर.

सासूबाईंना ॲप उत्तम जमत होतं. जमत नव्हतं फक्त 'टाकलं'. ते दाबलं की पडद्यावरचं हिरवं पान पिवळं पडून हुंदके द्यायचं आणि घरातले सगळे फोन एकदम कोकलायचे. सुरुवातीला त्यांनी शिळा पाव टाकला, तेव्हा सून कळवळून म्हणाली होती, "आई, आपल्याच घरात असं झालं तर मी ऑफिसात कोणत्या तोंडानं बोलू?" तेव्हापासून ते बटण त्यांनी शिवलं नाही. बरं, खोटं दाबणं स्वभावात नाही. म्हणून त्या आधी खायच्या आणि मग प्रामाणिकपणे 'खाल्लं' दाबायच्या... नासलेलं दूध, बुरशी खरवडलेला पाव, सगळं! पोटात कळा यायच्या. सून म्हणायची, "वय झालं, आई." ऑफिसात मात्र अभिमानानं सांगायची, "आमच्याकडे कणही वाया जात नाही!" साहेबांनी त्याचा आलेखही काढला होता.

"काही अडचण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"छे हो," म्हणत सासूबाईंनी चमचा उचलला. भाताला सुटलेली तार त्याच्यासोबत वर आली... आणि सुनेला दिसली.

"आई, थांबा! आंबलाय तो!"

"अगं, खाल्ल्याशिवाय 'खाल्लं' कसं दाबू?"

"मग 'टाकलं' दाबा!"

"तुला बोलणी बसतील गं..." सासूबाईंचे डोळे डबडबले. "वाटीभर भातापायी तुझी नोकरी घालवू?"

सुनेनं चमच्यावर हात ठेवला. "आई... ते पोटाचं दुखणं... यामुळे?"

सासूबाईंनी मान खाली घातली.

"मॅडम, वेळ कमी आहे," साहेब म्हणाले. "'खाल्लं' धरून पुढे जाऊ या."

सुनेनं सासूबाईंच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतःच्या बोटानं 'टाकलं' दाबलं. पान हुंदके देऊ लागलं, फोन कोकलले, आतल्या खोलीतून मुलगा धावत आला, "काय टाकलं? कुणी टाकलं?"

"साहेब, आईंना ॲप जमतं. चुकलं ते माझं! माझ्या बटणाच्या धाकानं ही माउली इतके दिवस विष गिळत होती. हे असं मी बाजारात जाऊ देणार नाही."

"मग विभागाचा विचार करावा लागेल," साहेब थंडपणे म्हणाले. लॅपटॉप काळा झाला.

"काय केलंस हे, पोरी!" सासूबाई हुंदक्यांनी गदगदल्या. सुनेनं त्यांना घट्ट मिठी मारली.

मग ती ओट्याशी गेली आणि तिनं मऊ, ताजा भात शिजवला. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, भीतभीत ताट सरकवलं.

"बास... जात नाही गं."

"राहू द्या, आई."

आणि तिथंच, त्यांच्या शेजारी बसून, सुनेनं त्यांच्याच चमच्यानं उरलेला भात खाल्ला. कुणीच काही दाबलं नाही.