काही न झालेली वैजयंती

वैजयंती मगदूमचा मेंदू त्या दिवसांत दोन ठिकाणी होता. एक तिच्या डोक्यात आणि दुसरा मिरजेच्या मज्जारोग केंद्रात, आतल्या थंड खोलीतल्या यंत्रांत. याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. गावोगावी अशी केंद्रं निघाली होती आणि यंत्रातल्या या नकलेला सगळे 'प्रतिमेंदू' म्हणत.

वैजयंती दातांची डॉक्टर. इचलकरंजीत तिचा दवाखाना चांगला चालायचा. एकदा रूट कॅनाल करताना तिचा उजवा अंगठा थरारला आणि थांबला. तपासण्या झाल्या. मेंदूच्या चित्रात पुसटसा डाग दिसला. ती कंपवाताची सुरुवात असेल किंवा जन्मापासूनची निरुपद्रवी खूण असेल. ठामपणे कुणालाच सांगता येईना.

तेव्हापासून तिचं लक्ष अंगठ्यावरून हटेना. नवऱ्यापुढे, धनपालपुढे, ती उठल्याबसल्या हात पसरून धरी.

"अहो, बघा ना, हलतोय का?"

"नाही गं, वैजू."

"नीट बघा."

तो नीट बघे. त्याने झालेलं समाधान चहा निवेपर्यंतही टिकत नसे. शेवटी तिने दवाखान्याला कुलूप लावलं आणि प्रतिमेंदू करून घेतला.

"हवामानाचा अंदाज कसा काढतात?" केंद्रातल्या डॉ. शमीम मुजावर तिला समजावत होत्या. "आजचं वारं, आजचे ढग यंत्रात भरायचे आणि घड्याळ पुढे पळवायचं. इथे ढगांच्या जागी तुमच्या मेंदूतल्या पेशी. तुमची वीस वर्षं आत काही आठवड्यांत सरतात."

"मग काय ते एकदाचं कळेल."

"तसं होत नाही, मॅडम. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. म्हणून आम्ही तोच मेंदू पुन्हापुन्हा पहिल्यापासून पुढे पळवतो, अशा पुष्कळ फेऱ्या चालवतो. तुमच्या निम्म्या फेऱ्यांत आजार झाला, निम्म्यांत नाही झाला."

"म्हणजे मी होते तिथेच."

वैजयंतीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आत जी मी आहे, तिला कळतं का? आपण यंत्रात आहोत ते?"

"नाही. नुसत्या पेशी ठेवल्या तर त्यांचं वय खरं वाढत नाही. मेंदूला घर लागतं, माणसं लागतात, दिवस लागतात. ते सगळं आम्ही आत उभं करतो. तिला वाटतं, ती घरीच आहे."

वैजयंती म्हणाली, "जिला काही झालं नाही, अशा एकीशी मला बोलायचंय."

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, पण वैजयंती हटेना. तेव्हा त्यांनी एका फेरीतला पळता वेळ बोलण्यापुरता सावकाश केला आणि तिच्या हातात फोन दिला.

"हॅलो?" आवाज तिचाच होता, वयाने खरखरीत झालेला.

"मी केंद्रातून बोलतेय."

"रिपोर्ट आला का?"

"तुम्हाला काही झालेलं नाही. एवढ्या वर्षांत काहीच नाही."

"ते आजपर्यंतचं झालं हो. पुढचं काय? सकाळी अंगठा जड वाटत होता."

"दवाखाना... चालू आहे ना?"

"तो केव्हाच विकला. कुणाच्या तोंडात सुई असताना हात हलला तर?"

"आणि धनपाल?"

"ते वेगळे राहतात. हात बघून बघून थकले बिचारे. बरं, तुमच्याकडे ते मेंदू पुढे चालवून बघतात ना? माझा अजून एकदा चालवा. एकदाच."

वैजयंतीने फोन खाली ठेवला. "आजार न झालेल्या बाकीच्या?"

"जवळजवळ सगळ्या अशाच," डॉक्टर म्हणाल्या. "आजार झालेल्यांपैकी काही जणींनी मात्र हात खरंच कापायला लागल्यावर बघत बसणं सोडलं."

त्याच आठवड्यात वैजयंतीने दवाखाना उघडला. हात पसरावासा वाटला की तिला तो खरखरीत आवाज आठवे आणि ती मूठ मिटून घेई. हळूहळू आवाज आठवायचीही गरज पडेना. धनपाल पुन्हा मोकळेपणी हसू लागला.

एके सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांची दाढ भरत असताना डॉ. मुजावरांचा फोन आला.

"मॅडम, बाकी फेऱ्या वीस वर्षांवर आपोआप संपल्या. तुम्ही जिच्याशी बोललात तिचा वेळ आम्ही मध्येच बदलला, म्हणून ती अजून चालू आहे. थांबवायला तुमची परवानगी लागते."

"थांबवली की तिचं काय होतं?"

"ती संपते."

"आत्ता काय करतेय?"

"फोनपाशी बसलीय. तुमच्या बोलण्याला तिच्या हिशेबाने कित्येक वर्षं झाली. खूप म्हातारी झालीय. तब्येत ठणठणीत आहे, आजाराचा मागमूस नाही. पण झोपत नाही हो. थांबवू?"

वैजयंती फोन घेऊन दाराशी उभी होती. खुर्चीवर गृहस्थ तोंड उघडं ठेवून वाट बघत होते. कितीतरी दिवसांत आपण घाबरलोच नाही, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. आणि ती फेरी थांबवायच्या नुसत्या कल्पनेने तिची नजर पुन्हा अंगठ्याकडे गेली. आपल्या वाट्याची भीती मिरजेत कुणीतरी भोगत होतं.

"नको," ती म्हणाली. "चालू राहू द्या."

"मग तिला काय सांगू? सारखी विचारत असते."

"सांगा, रिपोर्ट उद्या येईल," वैजयंती म्हणाली आणि खुर्चीकडे वळली.