नकटीच्या हातची पुडी

पाऊस चुकवायला दुकानात शिरलेला माणूस काही विकत घेत नाही, हे नकटीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो आत आला तेव्हा तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. फक्त एक श्वास घेतला.

"घड्याळाचं तेल," ती म्हणाली, "आणि ओली लोकर. चौकातले नवे घड्याळजी का तुम्ही?"

तो दारातच थबकला. "न बघता ओळखलंत?"

"बघून काय, कोणीही ओळखेल."

तो हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची ढास लागली. मग मात्र तिने वर पाहिलं. केसांतून पाणी निथळत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तरी गडी हसतच होता. नकटीची नजर जरा जास्तच वेळ तिथे राहिली. आतून आत्या ओरडली, "कोरडा खोकला आहे गं. मधमुळी दे त्याला!"

दुकान आत्याचं. डोंगरापलीकडच्या जंगलातून मुळ्या, साली, पानं यायची आणि आत्या त्यांची औषधं करायची. तिचं नाक मात्र तपकिरीने केव्हाच कामातून गेलं होतं. त्यामुळे वासाचं सगळं खातं भाचीकडे. लहानपणी बसक्या नाकावरून सगळे तिला नकटी म्हणायला लागले, आणि नेमकं तेच नाक घरात सगळ्यांत तिखट निघालं. दैवाला असले विनोद फार आवडतात.

या नाकावर माणसांचा जीव अवलंबून होता, हे काही बोलण्यापुरतं नव्हे. मधमुळीच्या शेजारी, तिच्याच सावलीत, आणखी एक झाड वाढतं. मुळीची तीच साल, तोच रंग, तीच जाडी. घरात त्याला 'सावत्र' म्हणत. मधमुळीने घसा निवतो. सावत्र आधी ओठ बधिर करते, मग बोटं, आणि मग हृदय मंद होत जातं. दोघींतला फरक एकच. टोक कापलं की मधमुळीला कोमट दुधाचा वास येतो, सावत्रला गंजलेल्या लोखंडाचा. म्हणून प्रत्येक मुळी कापून हुंगल्याशिवाय खलात जायची नाही. आणि नाक चोंदलं असेल त्या दिवशी खलाला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला परत पाठवायचं.

घड्याळजी पुन्हा आला. मग पुन्हा. त्याचा खोकला दुकानाच्या पायरीवर सुरू व्हायचा आणि वळणापर्यंत पोहोचायच्या आत थांबायचा.

"चिवट खोकला आहे तुमचा," नकटी म्हणायची.

"फार चिवट. जायचं नावच घेत नाही."

"खोकला की माणूस?"

"दोघंही..."

एकदा भुरभुर पावसात तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. त्याच्या छत्रीची एक काडी मोडलेली. दोघांची अर्धी अर्धी बाजू भिजली, आणि छत्री सरळ धरायचं कुणालाच सुचलं नाही. सकाळी उठली तर नकटीचं नाक ठार बंद!

सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आत्याने तिला पांघरुणात गुंडाळून माळ्यावर पाठवलं असतं. आणि आज तर तो येणार होता. शिवाय आज पहिल्यांदाच आत्याने म्हटलं होतं, "पुडी तूच कर. कापण्यापासून बांधण्यापर्यंत." तिने शिंक ओढणीत दाबली. मुळीचं टोक कापलं, नाकाशी धरलं. काहीच आलं नाही. मधमुळीचा वास तसा मंदच असतो, असं तिने स्वतःला बजावलं आणि मुळी खलात टाकली.

"ही माझ्या हातची पहिली पुडी," त्याच्या हातात देताना ती म्हणाली. "नक्की घ्या हं."

"आता तर घ्यावीच लागणार," तो म्हणाला. त्याची बोटं पुडीवर जरा रेंगाळली. तो गेल्यावरही नकटी हवेतच होती.

दुपारी आत्याचा डोळा लागल्यावर तिने हळूच निलगिरीच्या पाण्याचा वाफारा घेतला. एक नाकपुडी मोकळी झाली, मग दुसरी. दुकानातले वास एकेक करून परत आले – सुंठ, ओली साल, आत्याची तपकीर. आणि फळीवर पडलेल्या मुळीच्या तुकड्यातून... गंजलेलं लोखंड.

नकटी आतल्या खोलीकडे धावली.

"आत्या!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. पुढचं तिने रडत सांगितलं. आत्या ताडकन उठली. तिने तो तुकडा उचलून मुठीत घेतला. "मी डॉक्टरांना घेऊन येते. तू पळ. घेतली नसेल तर हिसकावून घे. घेतली असेल तर झोपू देऊ नकोस!"

रस्ता ओला होता, चप्पल कुठे निघाली ते कळलंही नाही. घेतली नसेल. विसरला असेल. देवा, विसरलेला असू दे! आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटत होतं, या माणसाने आपलं बोलणं मुळीच मनावर घेतलेलं नसावं. घड्याळाच्या दुकानाचं दार लोटलेलं होतं. आत भिंतभर घड्याळं टकटकत होती. टेबलाशी तो बसला होता, आणि त्याच्या पुढ्यात पुडीचा कागद मोकळा पडला होता.

"तुम्ही?" त्याचा चेहरा खुलला. मग तो गोंधळून म्हणाला, "गंमत बघा, चिमटा धरवतच नाहीये. ओठही कसे... जड झालेत."

तिने त्याचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे गार होते.

डॉक्टर धावतच आले. आत्याने मूठ उघडून तुकडा पुढे केला, नाव सांगितलं, काय काय होतं तेही सांगितलं. डॉक्टरांनी भराभर हालचाल केली. नळी घालून पोट धुतलं, कोळशाची काळी भुकटी पाण्यातून पाजली, सुई टोचली. मग म्हणाले, "वेळेवर कळलं. पण नाडी फार मंद आहे. संध्याकाळपर्यंत ती वर यायला हवी. कोणीतरी मनगट धरून ठेवा, सोडू नका. ठोका चुकला की मला हाक मारा." आणि ते बाहेर गाडी मागवायच्या खटपटीला लागले.

मनगट नकटीने धरलं. एक ठोका यायचा. मग पुढचा येईपर्यंत तिचाच श्वास अडकून राहायचा.

"बोलत राहा," ती म्हणाली. "झोपायचं नाही."

"काय बोलू?" त्याचा आवाज खोल गेला होता. "खरं सांगू? खोकला कधीच बरा झालाय. आत्यांच्या सगळ्या पुड्या खणात तशाच आहेत. आजची तेवढी घेतली... तुमच्या हातची होती ना."

नकटीचा बांध फुटला. "मला सर्दी झाली होती हो! नाक बंद होतं, तरी मी लपवलं. तुम्ही येणार होता म्हणून. घरात बसवलं असतं तर तुम्ही दिसला नसता... तेवढ्यासाठी मी तुमचा जीव..."

ती भीतीने त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ठोका कुठे गेला? आला. उशिराने, पण आला.

"मला बघायला?" तो पुटपुटला.

"हो."

"मग आता मला मरून चालणार नाही."

"थट्टा करू नका!" ती ओरडली आणि मनगट आणखी घट्ट धरलं.

गाडी आली, दवाखाना आला, तरी तिने हात सोडला नाही. बाहेर दिवे लागले तेव्हा ठोके एकमेकांना धरून पडायला लागले होते. डॉक्टरांनी स्वतः नाडी पाहिली आणि मान डोलावली. "वाचला." नकटी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

आत्या तिला एका शब्दानेही रागावली नाही. तेच जास्त लागलं. त्या खेपेतल्या सगळ्या मुळ्या आत्याने जाळल्या. पुढे काही दिवसांनी घड्याळजी हडकुळा होऊन दुकानात आला. नळीमुळे घसा खरखरत होता, या वेळी अगदी खराखुरा. आत्या म्हणाली, "याची पुडी तूच करायचीस. आज केली नाहीस तर पुन्हा कधी करणार नाहीस."

नकटीने मुळी कापली. हुंगली. पुन्हा हुंगली. दुधाचा वास होता, अगदी स्वच्छ. पुडी बांधून झाली पण तिच्या मुठीतून सुटेना.

"आधी मी घेते," ती म्हणाली आणि चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली. "थोडं थांबू. काही झालं नाही तर तुम्ही घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, कागदात बोटं घातली आणि चिमूट तोंडात टाकली.

"अहो! थांबायचं होतं ना!"

"दोघं मिळून थांबू."

बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, तो तिच्या. बाहेर पाऊस लागला होता.

"भीती वाटतेय?" त्याने विचारलं.

"खूप."

"आयुष्यभर... अशी माझ्यासाठी घाबराल?"

"घाबरेन. पण तुम्हीही घाबरायचं."

"मी तर आत्ताच घाबरलोय. तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

आतून आत्या ओरडली, "ओठ बधिर झालेत का रे दोघांचे? मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही!"

तो उठून उभा राहिला. "आत्या, मला नकटीशी लग्न करायचंय!"

खलबत्त्याचा आवाज थांबला. मग आत्या दारात आली. तिचे डोळे भरलेले होते. भाचीकडे बघत तिने एवढंच विचारलं, "काही बिघडलं तर सांगशील ना गं याला? लगेच?"

नकटीने त्याचा हात धरला. "सगळ्यांत आधी सांगेन, आत्या. तोंड दाखवायची लाज वाटली तरी सांगेन."