सातव्या दाराची संख्या

पडद्यावर सहाशे सतरा अंकी संख्या होती आणि रिसबूड तिच्याकडे गुन्हेगारासारखे पाहत होते. चांद्रतळावरच्या सातही दारांची कुलपे त्यांनीच रचली होती. नियंत्रणकक्षाला आग लागली तशी दारे आपोआप मिटली, आणि किल्ल्यांची नोंद त्याच आगीत जळाली. सहा दारांमागे कोणीच नव्हते. सातव्यामागे, बियाणेकोठीत, त्यांची पत्नी वत्सला होती. हवा तीन तासांची. दार कापायला दोन दिवस लागणार होते.

"सर, ही संख्या मूळ नाही, हे नक्की ना?" तळप्रमुख इंगवलेबाईंनी विचारले.

"नक्की. दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. मूळ संख्यांची एक कसोटी असते, तिच्यात ही मिनिटभरात नापास होते."

"मग ते दोन भाजक सांगा. तीच किल्ली."

"भाजक आहेत, एवढंच कसोटी सांगते. कोणते, ते नाही." रिसबुडांचा आवाज खाली गेला. "शोधत बसलो तर सूर्य विझेल. मी... मी ते मुद्दामच तसं केलं होतं."

इंगवलेबाई कपाळाला हात लावून भिंतीकडे वळल्या. तिथे उद्घाटनाचा फोटो होता. "आणि एवढ्या शास्त्रज्ञांनी कुलपांची संख्या ठरवणारी सातही यंत्रं मुहूर्त बघून एकदम सुरू केली! बारा वाजून चार मिनिटं. तुम्ही काही बोलला कसे नाहीत?"

रिसबुडांना तेव्हा बोलायचे होते. पण मोठ्या माणसांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. आता मात्र ते ताडकन उठले.

"एकदम! बाई, यंत्र आपली पहिली मूळ संख्या घड्याळातल्या क्षणावरून निवडतं. क्षण एकच, तर पहिली संख्याही एकच. दुसरी ते स्वतःच्या उष्णतेवरून निवडतं, आणि तोवर प्रत्येक यंत्र वेगळं तापतं, म्हणून ती वेगळी. म्हणजे सगळ्या कुलपांत एक भाजक सामाईक!"

"मग?"

"मसावि काढायचा. पाचवीतली पोरं काढतात तसा!"

पहिल्या आणि दुसऱ्या दाराच्या संख्यांचा मसावि पापणी लवायच्या आत आला. तीनशे नऊ अंकी. पहिले दार खटकन उघडले. लोक ओरडले. कोणीतरी रिसबुडांची पाठ थोपटली.

पण त्यांना पेढे आठवले. उद्घाटनानंतर सगळे पेढ्यांभोवती जमले, तेव्हा सगळी यंत्रे एकाच क्षणी सुरू झाल्याची शंका त्यांना छळत होती. सगळ्यांना सांगायचा धीर झाला नाही. ते गुपचूप गेले आणि एकच यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. ज्या कोठीत वत्सला काम करणार होती, तिचे.

इंगवलेबाईंनी सातव्या दाराची संख्या घातली. उत्तर आले : १.

सामाईक भाजक नव्हताच. रिसबुडांनी कोठीचा फोन उचलला.

"अहो, ओरडा ऐकू आला. सुटले का मी?"

"मसावि एक आला, वत्सला. तुझ्या यंत्राला मी हात लावला होता. तेवढं एकच पक्कं केलं होतं."



"पेढा न खाता कुठे पळालात, ते आत्ता कळलं," ती म्हणाली. "जन्मात एकदा धीर केलात, तोही चोरून."

"मी काय करू?"

"भाजक शोधा की."

"सापडणार नाही गं."

"माहीत आहे. पण गप्प बसू नका. आज तरी मोठ्याने बोला. मला आवाज ऐकू येऊ दे."

रिसबूड खुर्चीवर बसले. फोन गालाशी धरून त्यांनी घसा खाकरला.

"तीनने भाग जात नाही," ते मोठ्याने म्हणाले. "सातने जात नाही. अकराने जात नाही. तेराने..."