पत्नीचा रकाना

"वकीलसाहेब, तुमी आमच्या कमळूआजाचं शेत पार उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नेऊन ठेवलंय!"

डोळखांबच्या पाड्यावर वनहक्काचे दावे भरत बसलेल्या भाविकने दचकून वर पाहिलं. समोर एक मुलगी... हातात मोबाईलवरचा नकाशा, नखांत माती, डोळ्यांत खट्याळ हसू. ती रविना, पाड्याचीच, मुरबाडला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. भाविकने अक्षांश-रेखांश उलटे लिहिले होते.

"सुधारतो... लगेच," तो पुटपुटला.

"राहू द्या. तिथे भात पिकला, तर शोधनिबंध लिहीन मी."

तेव्हापासून शहापूरच्या कचेरीत जाणारा त्याचा प्रत्येक कागद आधी रविनाकडे येऊ लागला. चुका कमी होत गेल्या, फेऱ्या मात्र वाढल्या. निमित्तं संपली, तसा तो घरच्या शेतातली माती तपासायला आणू लागला. एकाच शेतातली... चार वेळा! तिने चारही अहवाल काटेकोरपणे दिले. चौथ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, 'माती ठीक आहे. मालकाचं काय?'

मालक आठवडाभर हवेत होता.

दोन वर्षांत बावन्न दावे मंजूर झाले. मग पाड्यानेच ठरवलं : कायदे दिल्लीत होतात, तर आपला वकील दिल्लीला जाऊ दे. लोकसभेला अपक्ष उमेदवार! अर्जाला लागणाऱ्या दहा सूचकांत पहिली सही पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईजाआजीची.

शेवटच्या दिवशी अर्जाची मुदत तीनपर्यंत. अडीच वाजता नोटरीच्या टेबलापाशी प्रतिज्ञापत्र तपासताना रविनाचं बोट थबकलं.

"पत्नीचा रकाना रिकामा? भाविक, रिकामा रकाना चालत नाय. अर्ज बाद होईल!"

"माहितीय."

"मग 'लागू नाही' लिही ना!"

"हात धजत नाय गो... खोटं लिहिलं तर शिक्षा असते."

"त्यात खोटं काय?"

"ते... तूच सांग."

रविनाची नाडी नक्कीच शंभराच्या वर गेली असावी. मोजायला मात्र वेळ नव्हता. मागून बाईजाआजी ओरडली, "अगो, लग्नाचं मागून बोला, आधी फॉर्म टाका!"

दोन सत्तेचाळीस. रविनाने पेन त्याच्या हातात कोंबलं. "प्रतिज्ञापत्रात आजचं खरं लिहायचं. लिही... लागू नाही."

त्याने लिहिलं. चेहरा एवढासा झाला.

"तोंड नको पाडू रे," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "पुढच्या निवडणुकीला हा रकाना मीच भरीन."

भाविक असा धावला, की नोटरीचा शिक्का वाळायच्या आत अर्ज दाखल!

त्या वेळी तो हरला. पुढच्या वेळी तो रकाना रविनाच्या बारीक, सरळ अक्षरात भरलेला होता... आणि तो जिंकला. केंद्रात राज्यमंत्री म्हणून शपथ घ्यायला उभा राहिला, तेव्हा त्याची नजर पाहुण्यांत तिला शोधत गेली. रविना ओठांतल्या ओठांत त्याचा एकेक शब्द तपासत होती. शेवटच्या शब्दाला तिने मान हलवली—

बरोबर!